शंभर गोळ्या, पंचेचाळीस दिवस

मांजर्लीतल्या त्या औषध दुकानाच्या मालकांस,

माझ्या आईला तुम्ही थायरॉइडच्या गोळ्यांची शंभराची बाटली दिलीत. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त पुरणारी. बाटलीवरची मुदत मात्र पुढच्या महिन्याअखेरीस संपते. हिशोब तुम्हाला येतो, तरी मांडते : 45 गोळ्या मुदतीत, 55 मुदतीबाहेर. पैसे घेतलेत शंभरच्या शंभर गोळ्यांचे, छापील किमतीने, एक रुपयाही कमी न करता.

चुकून हात गेला असं सांगू नका. नंतर मी स्वतः दुकानात आले आणि तेच नाव, तीच मात्रा मागितली. काउंटरवरच्या मुलाने मागच्या रांगेतून बाटली काढली. तिची मुदत पुढच्या वर्षाअखेरची. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर होत्या. मोतीबिंदूमुळे जिला बाटलीवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत तिला पुढची बाटली, आणि जी उभ्या उभ्या बाटली फिरवून तारीख बघते तिला मागची. तुम्ही तारीखही वाचलीत आणि माणूसही वाचलात.

आपल्या बदलापुरात सकाळच्या लोकलने घरची कमावती माणसं मुंबईकडे जातात ती रात्रीच परततात. दिवसा औषधाची चिठ्ठी घेऊन तुमच्या काउंटरशी येतात ती म्हातारी माणसंच. ती तुम्हाला ‘भाऊ’ म्हणतात, पिशवी पुढे करतात आणि तुम्ही टाकाल ते घेऊन घरी जातात. तुमचा धंदा या विश्वासावर उभा आहे, आणि जुना माल खपवायला तुम्ही तोच विश्वास वापरलात.

जाब विचारला तेव्हा तुम्ही मला कायदा ऐकवलात : “एक्सपायरी झालेली नाही, मग तक्रार कसली?” कायदा मीही वाचला आहे. औषधांच्या 1945 च्या नियमांतला 65 वा नियम सांगतो की मुदत उलटलेलं औषध विकायचं नाही. परत पाठवण्यासाठी ठेवलंच, तर वेगळ्या खोक्यात, ‘विक्रीसाठी नाही’ असं ठळक लिहून ठेवायचं. बाटलीवर महिना छापलेला असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत मुदत धरायची, हेही मला ठाऊक आहे. विकताना किती मुदत शिल्लक हवी, यावर मात्र हा नियम गप्प आहे. परदेशातून औषध आयात करताना त्याचं किमान 60 टक्के आयुष्य शिल्लक असावं लागतं. ऑनलाइन मागवलेला खाद्यपदार्थ घरी पोचवताना 30 टक्के आयुष्य किंवा 45 दिवस शिल्लक असावेत, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2024 मध्ये बजावलं. म्हणजे बंदरावर उतरणाऱ्या खोक्याची काळजी आहे, घरपोच येणाऱ्या बिस्किटांची आहे, आणि काउंटरशी उभ्या असलेल्या म्हातारीच्या गोळ्यांची नाही. ही फट कायद्याने ठेवली. माझ्या आईला तिच्यात ढकललंत तुम्ही.

तुमचं दुसरं वाक्य होतं, “तारखेनंतर सहा महिने काही होत नाही हो.” याचं उत्तर मला नीट द्यायचं आहे, कारण यात थोडं तथ्य आहे आणि म्हणूनच ते फसवं आहे. अमेरिकेच्या सैन्यासाठी 1986 पासून साठ्यातल्या औषधांची मुदतीनंतर तपासणी होते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्या आकड्यांनुसार 122 औषधांच्या 3005 लॉटपैकी 88 टक्के लॉट मुदतीनंतर निदान वर्षभर चांगले होते. पण ते सीलबंद होते, ठरावीक तापमानात ठेवलेले होते, आणि प्रत्येक लॉट प्रयोगशाळेत तपासल्यावरच मुदत वाढवली गेली. तुमच्याकडे यांपैकी काय आहे? उल्हास नदीच्या काठच्या मांजर्लीत पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांना बुरशी येते आणि मे महिन्यात घर तापून निघतं. थायरॉइडची गोळी उष्णता, उजेड आणि दमटपणा या तिन्हींनी कमजोर होते. तिची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, थोडा फरकही शरीराला कळतो. गोळीचा जोर घटला तर रक्तातला टीएसएच वाढतो, डॉक्टर मात्रा वाढवतात, आणि पुढची बाटली पूर्ण ताकदीची आली की म्हाताऱ्या माणसाला धडधड सुरू होऊ शकते. दोष गोळीचा की शरीराचा, हे शोधत घरचे दवाखान्याच्या फेऱ्या मारत बसणार. त्या फेऱ्यांचे पैसे तुमच्या नफ्यातून वजा होत नाहीत.

माल अंगावर पडतो, ही तुमची अडचण मला समजते. पण बहुतेक कंपन्या मुदत संपलेला माल स्टॉकिस्टमार्फत परत घेतात, आणि स्वस्तात मिळाला म्हणून थोड्या मुदतीचा माल तुम्ही उचलला असेल, तर तो जुगार तुमचा होता. त्यातला तोटा आईच्या पेन्शनमधून भरून निघणार नाही.

आता काय करायचं ते सांगते. बाटली बदलून द्या, किंवा पैसे परत करा, आणि बॅच नंबर व मुदत छापलेलं बिल द्या. आईने बिल मागितलं तेव्हा “कशाला हवं?” असं तुम्ही तिला विचारलंत. यासाठी हवं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं आणि सदोष माल 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं, या दोन्ही अनुचित व्यापार प्रथा आहेत. शंभर दिवसांच्या औषधाची मुदत पंचेचाळीस दिवसांची असेल, तर ते सदोष आहे, असं मी ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे मांडेन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. अन्न व औषध प्रशासनाचा 1800222365 हा क्रमांक आणि ग्राहक हेल्पलाइनचा 1915 मी आईच्या औषधांच्या डब्यावर चिकटवला आहे, आणि आमच्या सोसायटीच्या फलकावरही.

आणखी एक काम आहे, आणि ते माझ्या बाटलीपेक्षा मोठं आहे. त्याच बॅचच्या बाटल्या आणखी कोणाकोणाला गेल्या, ते तुमच्या संगणकात सापडेल. त्यांचे मोबाइल नंबरही तिथेच आहेत, कारण सणासुदीला सवलतीचे संदेश तुम्ही त्याच नंबरांवर पाठवता. त्या प्रत्येकाला फोन करा आणि बाटली परत मागवा.

तुमच्या दुकानाची एक ग्राहक,
मांजर्ली, बदलापूर पश्चिम