भायखळ्यातील ऋतुदर्शन

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकारात अंतराला मोठा मान असून हिमालय, नर्मदा परिक्रमा किंवा गेला बाजार आठ दिवसांत उरकलेला युरोप पदरी असल्याखेरीज सहसा कोणी लेखणी उचलत नाही. तथापि मध्य रेल्वेच्या भायखळा स्थानकावरून पायी गाठता येणाऱ्या राणीच्या बागेपर्यंतचा प्रवासही, गळ्यात कॅमेरा आणि पाठीवर तिपाई घेऊन धीम्या लोकलने तो करणाऱ्या हौशी छायाचित्रकाराचे हाल पाहता, यात्रेच्या सदरात मोडतो. हे उद्यान 1862 मध्ये खुले झाले. कागदोपत्री त्याचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे असले, तरी टॅक्सीवाल्याला आणि नातवंडांना ते राणीची बाग म्हणूनच ठाऊक आहे.

या यात्रेकरूचे पहिले वैर घड्याळाशी असते. सूर्य क्षितिजालगत असताना त्याच्या किरणांना वातावरणाचा जाड थर ओलांडावा लागतो, वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो आणि उरलेल्या तांबूस-पिवळ्या उजेडात साधे करंजाचे पानही दागिन्यासारखे दिसते. या अवधीस छायाचित्रणात 'सोनेरी वेळ' म्हणतात. तिकीटखिडकी मात्र साडेनऊच्या सुमारास उघडते आणि तोवर त्या सोन्याचे पितळ झालेले असते. बाग बुधवारी बंद असते ही माहितीही प्रत्येक छायाचित्रकारास आयुष्यात एकदाच मिळते, पण ती बुधवारीच मिळते.

दुसरे वैर पंचांगाशी. परदेशी दिनदर्शिकांवरील लालभडक पानगळ मनात ठसल्यामुळे हा मनुष्य ऑक्टोबरात बागेत शिरतो आणि तेथे त्याला घामाखेरीज काही गळताना दिसत नाही. मुंबईत लाली उशिरा आणि दोन उलट कारणांनी येते: हिवाळ्याच्या अखेरीस देशी बदामाची म्हातारी पाने गळण्यापूर्वी लाल होतात, तर त्यानंतर थोड्याच दिवसांत पिंपळाला फुटणारी कोवळी पाने जन्मतःच तांबूस असतात. एकाचे मरण आणि दुसऱ्याचे बारसे एकाच रंगात होत असल्याने छायाचित्राखाली कोणत्या ऋतूचे नाव घालावे, हा पेच निर्माण होतो. तो बहुधा 'प्रेरणा' असे लिहून सोडवला जातो.

प्रेरणेचे खरे भांडार म्हणजे कैलासपती. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वृक्षाची फुले फांद्यांच्या शेंड्यांवर न येता थेट खोडातून लोंबणाऱ्या दोरखंडासारख्या देठांवर येतात. मांसल, लालसर पाकळ्यांच्या मधोमध पुंकेसरांचा एक पट्टा नागफणीसारखा वाकलेला असतो, त्याखाली भाविकांना पिंडी दिसते आणि नावाची व्युत्पत्ती तेथेच संपते. ती पिंडी नीट टिपण्यासाठी छायाचित्रकारास गुडघे टेकून मान वर करावी लागते, त्यामुळे मागून येणारी आजी त्याला भक्त समजून चपला काढते. याच झाडाला तोफगोळ्याच्या आकाराची फळे लागतात. पिकल्यावर ती खाली आपटून फुटतात आणि त्यांच्या गराला असह्य दुर्गंध सुटतो. डोक्यावर असे गोळे लटकत असताना श्वास रोखून, हात न हलवता चित्र घेणे हा योगसाधनेचाच प्रकार म्हटला पाहिजे.

आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचेची तऱ्हा आणखी निराळी. तिचे पांढरे, तळहाताएवढे फूल संध्याकाळी उमलते, रात्री वटवाघळांची वाट पाहते आणि दुसऱ्या दिवशी कोमेजते. फूल उमलण्याच्या सुमारास पहारेकऱ्याची शिट्टी वाजत असल्याने बहुतेक संग्रहांत या फुलाचे एकच चित्र आढळते आणि त्यात ते जमिनीवर पडलेले असते.

माणसांचा विषय येथे थोडक्यात आटोपणे इष्ट. 2016 मध्ये सोलहून आलेल्या हम्बोल्ट पेंग्विनांमुळे गर्दीचा मोठा लोंढा वातानुकूलित दालनाकडे वळतो आणि झाडांच्या वाट्याला एकांत येतो, हे त्या पक्ष्यांचे मुंबईच्या वनस्पतिशास्त्रावरील उपकारच आहेत. तरीही उर्वशीच्या लोंबत्या लाल मंजिरीवर अंतर जुळवून बोट कळीवर ठेवताच "ओ दादा, आमचा पण एक काढा ना, पेंग्विनचा बोर्ड आला पाहिजे" अशी विनंती येते. ती मान्य करून परत वळेपर्यंत मंजिरीवरचे ऊन पुढे सरकलेले असते.

बहाव्याचा बहर ही या यात्रेची शेवटची वारी, कारण त्यानंतर पावसाच्या धास्तीने कॅमेरा कपाटात जातो. मे महिन्यात पिवळे घोस वाऱ्यावर डोलत राहतात, त्यामुळे ते कधीच स्पष्ट येत नाहीत. स्थिर असते ते केवळ झाडाखालचे पाकळ्यांचे जाजम. बाग साफ ठेवणाऱ्या मावशींच्या लेखी तो कचरा असल्यामुळे त्या खराट्याने त्याचा ढीग करतात आणि पत्र्याच्या गंजक्या घमेल्यात भरतात. तांबेरलेल्या पत्र्यात काठोकाठ भरलेले ते ओले पिवळे सोने पाहून वर्षभर रुसलेली प्रेरणा अखेर छायाचित्रकाराच्या अंगात संचारते, तो "मावशी, एक मिनिट!" असे ओरडून भिंग बदलायला पिशवी उघडतो आणि मावशी "थांबते की," म्हणून खरोखरच थांबतात. फक्त पाकळ्या उडू नयेत म्हणून त्यांनी तेवढ्यात घमेल्यावर गोणपाट टाकलेले असते.