भयपटांचा पाठचिकित्सक

ग्रंथ जमवणाऱ्याला विद्वान म्हणण्याची आणि नाणी जमवणाऱ्याला निदान श्रीमंत समजण्याची रीत सर्वत्र आहे. परंतु प्रेतांनी माणसे खाल्ल्याचे चित्रपट, आणि तेही प्रत्येकी चार-चार प्रतींत, जो शिस्तीने जमवतो त्याला काय म्हणावे, याविषयी अमेरिका आणि ब्रिटन या त्याच्या दोन्ही मायदेशांत अद्याप एकमत झालेले नाही. शेजारी त्याला विक्षिप्त म्हणतात, पत्नी टपालाने नवे खोके आले की त्याहून नेमका शब्द वापरते, आणि तो स्वतःला ‘कलेक्टर’ म्हणवतो, जो शब्द मराठी कानाला उगाचच जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन जातो.

वस्तुतः पाठचिकित्सक ही पदवी त्याला अधिक शोभेल. एकाच ग्रंथाची अनेक हस्तलिखिते समोर ठेवून कोणती ओळ मूळची आणि कोणती मागाहून घुसडलेली हे ठरवण्याच्या शास्त्राला पाठचिकित्सा म्हणतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1919 ते 1966 या काळात 1259 हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली ती याच शास्त्राच्या आधारे. तेच काम हा गृहस्थ एकट्याने, बिनपगारी आणि घराच्या तळघरात बसून करतो. फरक इतकाच की त्याच्या महाभारतातले पाचही पांडव पहिल्या पंधरा मिनिटांत मेलेले असतात आणि उरलेला वेळ ते परत येत राहतात.

येथे ‘कल्ट’ ही संज्ञा स्पष्ट करायला हवी. प्रदर्शनाच्या वेळी प्रतिष्ठितांनी ज्याच्याकडे नाक मुरडून पाहिले, पण ज्याला पुढे मूठभर हट्टी भक्तांचा संप्रदाय लाभला, तो कल्ट चित्रपट. आणि संप्रदाय म्हटला की पाठभेदांवरून भांडणे आलीच. जॉर्ज रोमेरो यांच्या ‘डॉन ऑफ द डेड’ (1978) या चित्रपटात चालती-फिरती प्रेते एका मोठ्या बाजारसंकुलात गर्दी करतात. त्याचे तीन पाठ प्रचलित आहेत: अमेरिकी चित्रगृहांतला 127 मिनिटांचा, कान महोत्सवासाठी घाईने जुळवलेला 139 मिनिटांचा, आणि इटालियन दिग्दर्शक दारियो आर्जेन्तो यांनी युरोपसाठी कापलेला 119 मिनिटांचा. खुद्द रोमेरो यांची पसंती पहिल्याला होती, परंतु ग्रंथकर्त्याचे मत अंतिम मानण्याची संग्राहकाला गरज वाटत नाही. तिन्ही पाठ त्याच्याकडे असतात, आणि आज रात्री कोणता लावावा याचा निर्णय होईपर्यंत बहुधा झोपेची वेळ झालेली असते.

रोमेरो यांच्याच ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (1968) ची कथा याहून गुंतागुंतीची आहे. वितरकाने आयत्या वेळी नाव बदलले आणि जुन्या नावाच्या पाटीबरोबर स्वामित्वहक्काची ओळही गळाली. त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार अशी ओळ नसलेली कृती सार्वजनिक मालकीची ठरत असे, त्यामुळे पुढे कॅसेटी भरण्याचे यंत्र ज्याच्याजवळ होते तो प्रत्येक जण या चित्रपटाचा प्रकाशक झाला. परिणामी बाजारात त्याच्या इतक्या गचाळ प्रती आल्या की संग्राहकाच्या कपाटातला एक पूर्ण खण त्यांनी व्यापलेला असतो. यांतली एखादीच पाहण्याजोगी असते हे तो मान्य करतो; उरलेल्या त्याने पाहण्याजोग्या नाहीत याचा पुरावा म्हणून सांभाळलेल्या असतात.

त्याच्या खर्चाचा इतिहास हा यंत्रांचा इतिहास आहे. अर्धा इंच रुंदीच्या फितीची व्हीएचएस कॅसेट 1976 मध्ये जपानात आली, मग ताटाएवढी लेझरडिस्क, मग 1996 मध्ये डीव्हीडी, 2006 मध्ये ब्लू-रे आणि 2016 मध्ये 4के. प्रत्येक वेळी त्याने तोच चित्रपट पुन्हा विकत घेतला आणि प्रत्येक वेळी ही शेवटचीच अशी शपथ वाहिली. व्हीएचएसवर चित्रात आडव्या दिशेने जेमतेम 240 रेषांएवढा तपशील दिसतो, आणि या काटकसरीवर कित्येक भुतांची अब्रू अवलंबून होती. 4केमध्ये मुखवट्याची शिवण, राक्षसाला ओढणारी तार आणि क्वचित पाठीवरची चेनसुद्धा दिसते. भूत खोटे होते हे तीस वर्षांनी कळल्यावर सामान्य माणूस पैसे परत मागेल. हा मात्र शिवणीचा टाका कसा घातला आहे ते पाहण्यासाठी चित्र थांबवतो.

रंगाच्या बाबतीत त्याची निष्ठा विशेष प्रखर असते. जॉन कारपेंटर यांच्या ‘हॅलोवीन’ (1978) मधली रात्र छायालेखक डीन कंडी यांनी निळसर ठेवली होती. पुढच्या काही आवृत्त्यांत ती निळाई उतरली, आणि मोरपंखी शालू धुतल्यावर फिका पडल्याचे पाहून घरात जो हलकल्लोळ होतो तसा संग्राहकांत झाला. निळा किती निळा असावा यावर प्रौढ, करदाते, मुलाबाळांचे बाप असलेले पुरुष वर्षानुवर्षे वाद घालत आले आहेत. गंमत अशी की या चित्रपटाची कथा इलिनॉय राज्यात ऑक्टोबरमध्ये घडते, चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियात वसंत ऋतूत झाले, त्यामुळे रंगवलेली सुकी पाने रस्त्यावर पसरून ती पुढच्या दृश्यासाठी पुन्हा गोळा करावी लागली आणि मागे ताडाची झाडे दिसत राहिली. या ताडांना संग्राहकाची हरकत नाही. ते मूळ संहितेतले आहेत.

संग्राहकांच्या ब्रिटिश उपजातीचा स्वभाव कायद्याने घडवला. व्हिडिओवर येणाऱ्या चित्रपटांना आरंभी तेथे सेन्सॉर नव्हता. वृत्तपत्रांनी ओरड केल्यावर सरकारी अभियोग-प्रमुखांनी आक्षेपार्ह चित्रपटांची यादी केली, 1984 मध्ये ‘व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज’ कायदा झाला, आणि त्या यादीत एकूण 72 नावे येऊन गेली. उत्साही पोलिसांनी सॅम्युअल फुलर यांचा ‘द बिग रेड वन’ हा युद्धपट नावावरून भलताच काही समजून उचलला, असे त्या काळाविषयी सांगितले जाते. सरकारने ही यादी लोकांना या चित्रपटांपासून दूर ठेवण्यासाठी केली होती. संग्राहकाने ती वाणसामानाच्या यादीसारखी खिशात ठेवली आणि एकेक नावावर काट मारू लागला. यांतले कित्येक चित्रपट अत्यंत कंटाळवाणे आहेत आणि ते न पाहताच बंदी घातली असावी असे वाटते, कारण पाहणाऱ्याला ते शेवटपर्यंत पाहवले नसते.

या संग्रहाचा एक कप्पा मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचा आहे. ‘मोंडो मकाब्रो’ नावाचा ग्रंथ 1997 मध्ये लिहिणारे ब्रिटिश लेखक पीट टूम्स (आडनावाचा अर्थच थडगी, हा त्यांचा दोष नव्हे) यांच्या त्याच नावाच्या संस्थेने रामसे बंधूंचे हिंदी भयपट डीव्हीडीवर आणले. एकेका संचात दोन-दोन. अशा रीतीने ‘पुराना मंदिर’ (1984), ‘वीराना’ (1988) आणि ‘बंद दरवाजा’ (1990) ओहायोच्या तळघरात पोचले. ऐंशीच्या दशकात मराठी घरांत एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणून तीन चित्रपट उरकले जात, त्यांतला तिसरा, मुले झोपली असे गृहीत धरून लावलेला, पुष्कळदा रामसेंचा असे. तो कोणी जपून ठेवावा असे मात्र कोणाच्याही मनात आले नाही. संग्राहक तोच चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह, गाणी न टाळता, वहीत टिपणे काढत पाहतो. ‘पुराना मंदिर’मध्ये मधूनच जगदीप यांचे ‘शोले’ची नक्कल करणारे स्वतंत्र प्रहसन चालू होते, ते आले की आपल्याकडे लोक चहा टाकायला उठत, हा मात्र त्या प्रक्षिप्त वाटणाऱ्या भागाचे मूळ समजावे म्हणून आधी ‘शोले’ मागवून पाहतो. ‘पुराना मंदिर’मधला सामरी हा राक्षस साकारणारे अजय अग्रवाल शिक्षणाने स्थापत्य अभियंता होते, हे आपल्यापेक्षा त्याला अधिक खात्रीने माहीत असते.

वेष्टनाविषयी थोडक्यात सांगायचे तर ते आतल्या वस्तूपेक्षा महत्त्वाचे असते. खोक्यावर चढवलेल्या पुठ्ठ्याच्या बाह्यावरणाला स्लिपकव्हर म्हणतात, आणि त्याचा कोपरा दुमडला तर संग्राहक नव्या डिस्कसाठी तक्रार नोंदवतो, जरी जुनी डिस्क व्यवस्थित चालत असली तरी. ‘द ईव्हिल डेड’ या भयपटाची एक आवृत्ती 2002 मध्ये रबरी मुखवट्यासारख्या वेष्टनाच्या पुस्तकरूपात निघाली होती. रबराला माणसासारखेच म्हातारपण येते, त्यामुळे आज ते पुस्तक उघडण्याचे धाडस मालकही करत नाहीत.

व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने 2016 च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले, तेव्हा संग्राहकाच्या घरी तीन यंत्रे होती: एक चालते, एक बिघडले तर वापरायला, आणि तिसरे या दोघांच्या सुट्या भागांसाठी. त्याचा एकच शोध मात्र त्याआधी बराच काळ अपुरा राहिला होता. ‘द विकर मॅन’ (1973) या ब्रिटिश चित्रपटाची मूळ निगेटिव्ह हरवली असून ती एका महामार्गाखाली गाडली गेली, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे, आणि गाळलेल्या दृश्यांची एखादी प्रत कोणाच्या तरी माळ्यावर असणारच, या श्रद्धेवर संग्राहकांची एक पिढी जगली. 2013 च्या सुमारास हक्कदार कंपनीने चाहत्यांना जाहीर आवाहन केले, तेव्हा त्याने स्वतःचे गॅरेज, सासऱ्यांचे गॅरेज आणि एका अपरिचिताचे गॅरेजही पालथे घातले. उपयोगी पडलेली प्रत निघाली ती हार्वर्ड विद्यापीठाच्या चित्रपट-संग्रहालयात. तिच्यावरून तयार झालेली ब्लू-रे त्याने आगाऊ नोंदवून घेतली. तिचे वेष्टन अजून फोडलेले नाही.