परमनंट दगड

गणपती आमच्याकडे दहा दिवस बसतात, सल्लागार काका बाराही महिने. निगडी प्राधिकरणापासून चाकणपर्यंत कुठल्याही सोसायटीत जा, पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत ते असणारच. उभा जन्म टूलरूममध्ये गेलेला, व्हीआरएसचे पैसे मुलाच्या फ्लॅटमध्ये गेलेले, आणि निम्मी बिल्डिंग आपणच लाईनला लावली ही खात्री मात्र अजून शाबूत. बारावीचा निकाल लागला की काकांची फर्स्ट शिफ्ट सुरू होते.

काकांच्या लेखी माणसं तीन प्रकारची: परमनंट, कॉन्ट्रॅक्टवरची आणि घरी बसलेली. जगातला कुठलाही अभ्यासक्रम ते यांपैकी एका खात्यात टाकून मोकळे होतात. डिप्लोमा मेकॅनिकल म्हणजे परमनंट. आयटीआय फिटर म्हणजे नशीब असेल तर परमनंट. साधं बीएस्सी म्हटलं की काका चष्मा काढून पुसायला घेतात. त्यामुळे बी विंगमधल्या एका मुलीनं चांगले मार्क पडूनही "मला जिऑलॉजी करायचंय" म्हटलं, तेव्हा तिच्या आईनं तिला ज्या लगबगीनं खाली आणलं, तेवढ्या लगबगीनं लोक पेशंट आणतात.

"जिऑलॉजी म्हणजे दगड ना?" काका म्हणाले. "दगड मोशीच्या खाणीत आहेत. त्याला डिग्री कशाला?"

"काका, ते दगड कसे झाले हे शिकायचं."

"आणि हातात काय देतात?"

"हातोडा. भिंग. कंपास."

"ऐका वहिनी. तीन वर्षं फी भरून पोरगी हातोडाच मारणार असेल, तर आपला फिटर काय वाईट होता? त्याला निदान कॅन्टीन असतं."

मुलगी मात्र तयारीची होती. आपण सगळे ज्या काळ्या पाषाणावर उभे आहोत तो बसाल्ट, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर ओतलेला लाव्हा, असं तिनं सांगितलं. "सगळा एकच माल?" काकांनी विचारलं. एकच नाही, ती म्हणाली. काही थर घट्ट, काही जाळीदार, त्या जाळीच्या पोकळ्यांत स्फटिक बसलेले. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडी माती भाजल्यासारखी, खंडाळ्याच्या घाटात डोंगर कापलाय तिथे ती पट्टी गाडीतूनही दिसते. काकांनी तो घाट कंपनीच्या ट्रिपला कित्येकदा पाहिला होता. दर वेळी ते पत्ते खेळत होते.

"पण याचा उपयोग काय?" हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न.

तिनं माळीणचं नाव घेतलं. चाकणच्या पुढे, आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि जवळजवळ अख्खं गाव गाडलं गेलं. कुठला उतार धोक्याचा आहे याचे नकाशे भूशास्त्रज्ञ करतात. काका क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे काम सरकारी आहे."

इथून गाडी रुळावर आली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ साली स्थापन झालं, हे कळल्यावर काका खुर्चीत सरसावून बसले. "टेल्को १९४५ ची. म्हणजे ही संस्था ९४ वर्षं सीनियर! बंद पडायची भीती नाही." राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे आणि तिचं मुख्यालय पुण्यातच, म्हटल्यावर तर त्यांनी मेट्रोनं किती वेळ लागेल तेही काढलं. पोरगी अजून कॉलेजात गेली नव्हती. काकांनी तिचा डबा भरला होता.

मग डायरी निघाली. कुठल्याशा व्हेंडरनं दिवाळीला दिलेली, २०११ सालची, अजून निम्मी कोरी. काकांनी पट्टीनं रकाने आखले: वर्ष, काम, टार्गेट डेट, जबाबदार व्यक्ती. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव: वहिनी.

इथे काकांच्या बाजूनं एक बोललं पाहिजे. या माणसाला दगडातलं ओ की ठो कळत नाही, पण जाहिरात तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, आणि हे आपल्यापैकी किती पालक करतात? यूपीएससीची कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा त्यांनी लाल पेनानं वाचून काढली आणि मुद्द्याची गोष्ट हुडकली: जिऑलॉजिस्टच्या पदाला नुसती बीएस्सी चालत नाही, एमएस्सी लागते, वयाची अट २१ ते ३२. मग त्यांनी उलटं शेड्युलिंग केलं. फर्ग्युसनला बीएस्सी, शेवटच्या वर्षी आयआयटीची जॅम परीक्षा, नाही जमलं तर पुणे विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात एमएस्सी. गणित सोडायचं नाही, हेही त्यांनी बजावलं. कारण मात्र चुकीचं दिलं: "उद्या मन बदललं तर इंजिनिअरिंग." खरं कारण असं की पुढे भूभौतिकीकडे वळायचं झालं तर गणिताशिवाय पान हलत नाही. फील्ड ट्रिपपुढे त्यांनी 'ऐच्छिक' लिहिलं. ते तिनं तिथल्या तिथे खोडलं. भूशास्त्रात डोंगर चढणं हाच अभ्यास असतो, वर्ग नंतर.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात सोसायटीनं बोअर मारायचं ठरवलं. पाणी दिवसाआड, टँकरचा खर्च डोक्यावर. काकांनी पाणाड्या आणला. तो तळहातावर नारळ घेऊन पार्किंगभर फिरला, आणि नारळ नेमका सेक्रेटरींच्या गाडीपाशी उभा राहिला. मुलगी सुट्टीत घरी होती. "काका, इथे खाली घट्ट बसाल्ट असला तर पाणी भेगांमध्येच मिळेल. आधी आजूबाजूच्या विहिरींची पातळी बघूया, एखाद्या जाणत्याकडून तपासणी करून घेऊया." काकांनी तिच्याकडे फर्स्ट इयरच्या ट्रेनीकडे पाहतात तसं पाहिलं. "नारळ उभा राहिलाय, बाळा."

तीनशे फुटांवरही धुरळाच येत होता. गाडी धुवायला लागली, त्याला पाणी टँकरचं.

काका खचले असतील असं वाटत असेल तर तुम्हाला काका भेटलेलेच नाहीत. पुढच्या आठवड्यात सी विंगमधला एक बारावी पास मुलगा वडिलांबरोबर खाली आला, तेव्हा डायरी उघडीच होती. "जिऑलॉजीला जा," काका म्हणाले. "बोअरवाले सगळे फसवतात, शास्त्र कुणाकडे नाही. बी विंगमधली ती मुलगी आहे ना, तिला मीच घातली."

तुमच्या घरी भूशास्त्राचं नाव निघालं, तर प्रवेशाचा अर्ज आधी भरा, जाहिरात स्वतः शेवटपर्यंत वाचा, आणि काकांकडे पेढे घेऊनच जा.