साडेनऊ पानं नुसते पत्ते

म्युनिक

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

कुकर लावून बसलेय, शिट्टी झाली की उठेन. बाबा, तुमच्या कालच्या फोनने महेश घाबरलाच. "भाऊकाकांशी काही वाजलंय का? आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या मेलला तू एकटीनेच उत्तर दिलं नाहीस!" वाजलंबिजलं काही नाही. उत्तर दिलंय, फक्त भाऊकाकांनाच दिलंय. पण सगळ्या भावकीने वाचल्याशिवाय उत्तर पोचलं असं आपल्याकडे धरतच नाहीत.

त्या मेलचा विषय काय होता आठवतंय? 'गॅसची सबसिडी'. भाऊकाका नवा मेल उघडतच नाहीत. सगळ्यांचे पत्ते असलेला जुना शोधायचा आणि त्याच्याच डोक्यावर लिहायचं. हॉलचं नाव सापडेपर्यंत मी सिलेंडरची सगळी तक्रार पुन्हा वाचली. मग उत्तरं सुरू. 'ओके.' 'आम्ही दोघं.' 'हॉलला लिफ्ट आहे का?' ही सुमनआत्या. (गुडघ्याचं ऑपरेशन करणार की नाही ती? की अजून त्या तेलावरच भिस्त?) 'वर लिहिलंय ते वाचा,' हा नंदूदादा, सगळ्यांना. आणि शेवटी विनूमामा : 'कृपया सगळ्यांना उत्तरं पाठवू नयेत.' तेही सगळ्यांना!

तुमच्याकडे सकाळी सहाला चहाबरोबर ही बटणं दाबली जातात, तेव्हा आमच्याकडे सध्या रात्रीचे अडीच वाजलेले असतात. फोनचा आवाज बंद ठेव, असं आई म्हणेल. नाही ठेवत. आजीचं वय बघता नाहीच ठेवत. अंधारात तो वाजला की आधी पोटात गोळा येतो, आणि मग कळतं की मुकुंदाला मेनूत मसालेभात हवाय.

इकडची तऱ्हा याच्या अगदी उलटी. २०१३ साली आमच्या या बायर्न राज्याच्या डेटा संरक्षण कार्यालयाने एका कंपनीतल्या कर्मचाऱ्याला दंड केला. गुन्हा काय, तर ग्राहकांना मेल पाठवताना सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवले. तो मेल छापला तर दहा पानं झाली, त्यातली साडेनऊ पानं नुसते पत्ते! उरलेल्या अर्ध्या पानात मजकूर एवढाच, की तुमच्या कामात लवकरच लक्ष घालतो. २०१८ पासून तर सगळ्या युरोपचा कायदा आणखी कडक झालाय. घरगुती पत्रव्यवहार त्यातून वगळलाय म्हणून भाऊकाका वाचले. पण त्यांच्या यादीत केटरर आहे, बोअरवेलवाला आहे, विमा एजंटही आहे. तो एजंट आता मला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवतो, सोबत पॉलिसीचं माहितीपत्रक.

या शिस्तीचा जाचही सोसतेय हं. इराच्या बालवाडीचा मेल येतो, तो आणखी कोणाकोणाला गेला ते कळायची सोय नाही. परवा तिच्या वाढदिवसाला मुलांना बोलवायचं होतं. बाईंकडे पालकांचे पत्ते मागितले, तर त्यांनी असं पाहिलं की जणू मी त्यांच्या खात्याची शिल्लक विचारली. शेवटी हाताने चिठ्ठ्या लिहून एकेका दप्तरात टाकल्या. सांगलीत गॅलरीतून हाक मारली की वाडा जमायचा. (समोरचा वाडा खरंच पाडताहेत का? पारिजातक तरी ठेवा म्हणावं.)

बाबा, परिपत्रकाशिवाय तुम्हाला काही पटत नाही, म्हणून सांगते. १९९५ च्या ऑक्टोबरमध्येच या सगळ्याची नियमावली निघालीय, आरएफसी १८५५ या नावाने. तीत लिहिलंय की सही चार ओळींपेक्षा मोठी नको. तुमची 'निवृत्त शाखाधिकारी'पासून सोसायटीच्या खजिनदारकीपर्यंत सात ओळी चालते. सगळं कॅपिटलमध्ये लिहिलं तर ओरडल्यासारखं वाटतं, हे कुसुमकाकूला दाखवा. राग आला असेल तर रात्र जाऊ द्या आणि मग पाठवा. एवढं एक कलम पाळलं असतं तर शेताच्या वाटणीचा तो मेल गेला नसता आणि दोन्ही काका आज एका पंगतीत बसले असते. आणि हो, समोरचा माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाला झोपलेला असू शकतो, हेही आहे त्यात.

भडंग पोचलं. लसूण सढळ आहे, म्हणजे आईनेच केलंय. महेशपासून लपवून ठेवलंय. पिंट्याचं जमल्याचं ऐकून हसू आवरेना, ती मुलगी त्याला गप्प बसवेल असं दिसतंय.

बाबा, भाऊकाकांना एवढं सांगा : नवा मेल, विषयात कार्यक्रमाचं नाव आणि पत्ते बीसीसीच्या रकान्यात. तारीख पक्की झाली की लगेच कळवा, तिकिटं रोज महागताहेत. आणि रात्री खरंच काही झालं तर मेल नको, फोन करा.

हे पत्र फक्त तुम्हा दोघांना आहे. भाऊकाकांना पुढे पाठवू नका.

तुमची,
मनू