डावा पाय बेल्जियममध्ये

आइंडहोव्हन, रविवार

ती. अण्णा आणि ती. आईंना सा. न. वि. वि.

परवा फोनवर अण्णांनी आयफेल टॉवरचं विचारलं आणि तेवढ्यात तुमच्याकडची लाइट गेली. तर तो पाहिला. उंच आहे. ब्रसेल्सचं ते भर चौकात शू करणारं ब्राँझचं पोरगंही पाहिलं. उंची दोन फूटसुद्धा नाही, पण अंगडी-टोपडी हजारावर, आणि ती ठेवायला स्वतंत्र संग्रहालय! फोटोसाठी रांग होती. आम्हीही लागलो.

पण अण्णा, तुमची खरी आठवण झाली ती काल, बारले नावाच्या गावात. तुम्ही आणि नानाकाका इतकी वर्षं एका बांधासाठी भांडताय ना, इथे अख्खं गावच बांधावर वसलंय. गाव नेदरलँड्समध्ये, पण त्यात बेल्जियमच्या जमिनीचे २२ तुकडे विखुरलेले, आणि त्यांतल्या काहींच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे ७. ११९८ साली ब्राबांतचा ड्यूक आणि ब्रेडाचा सरदार यांनी जमिनीची वाटणी केली, त्यातून हा घोळ सुरू झाला. १८४३ मध्ये दोन देशांची हद्द आखणारे अधिकारी इथवर आले आणि त्यांनी हात टेकले. सरळ रेघ ओढायचा नाद सोडून ५,७३२ प्लॉट एकेक करून कुणाचा कोणता ते लिहून काढलं. शेवटचा वाद मिटायला १९९५ उजाडलं. आपली हद्दकायम मोजणी त्या मानाने झटपट होईल, असं तुमचे चिरंजीव म्हणाले. मी काही बोलले नाही.

हद्द फुटपाथवर पांढऱ्या फुल्यांनी आखलीये, एका बाजूला ‘एनएल’, दुसऱ्या बाजूला ‘बी’. ती दुकानांत शिरते, घरांतून आरपार जाते. घर कुठल्या देशाचं हे पुढच्या दारावरून ठरतं. दार बेल्जियममध्ये तर घरपट्टी बेल्जियमला, मग मोरी हॉलंडात का असेना. नव्याने मोजणी झाली तेव्हा एका आजीबाईंचं दार पलीकडच्या देशात गेलं, तर त्यांनी दार आणि खिडकीची अदलाबदल करून देश राखला, असं इथे सांगतात. एका घरी तर रेघ दाराच्या बरोबर मधून गेलीये, म्हणून त्याला घरनंबरही दोन. आई, तिथे हळदीकुंकवाला बोलावलं तर पासपोर्ट पर्समध्ये असलेला बरा.

कॅफेत आम्ही मुद्दाम रेघेवरचं टेबल धरलं. हे हॉलंडात, मी बेल्जियममध्ये, बटाट्याच्या सळ्या मधोमध. पूर्वी हॉलंडची हॉटेलं लवकर बंद व्हायची, तेव्हा गिऱ्हाइकं ग्लास घेऊन पलीकडच्या टेबलावर सरकायची म्हणे. कोविडमध्ये एका कपड्यांच्या दुकानाचा बेल्जियमकडचा अर्धा भाग पट्टी लावून बंद, आणि अर्ध्यात विक्री चालू! सईने सॉस सांडला म्हणून ह्यांनी आवाज चढवला, तर ती खुर्ची उचलून माझ्या बाजूला आली आणि म्हणाली, “बाबा, आता मी दुसऱ्या देशात आहे.” परतीच्या वाटेवर तिला कुणी काही बोललं नाही.

एवढ्या गावाला दोन महापौर आणि दोन नगरपालिका आहेत. वाचनालय मात्र सामाईक. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी जवळजवळ सगळा बेल्जियम घेतला, पण हे तुकडे त्यांच्या हाती लागले नाहीत. इथवर यायचं तर तटस्थ हॉलंड तुडवावं लागलं असतं. भाऊबंदकीचा असाही फायदा असतो.

आता कामाचं. इथून जवळच्याच दोन प्लॉटांवरून, नंबर ९१ आणि ९२, दोन्ही देश थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. हॉलंडचं म्हणणं असं की शेतसारा आम्ही घेतो, जन्म-मृत्यूच्या नोंदी आमच्याकडे होतात, तेव्हा जमीन आमची. शिवाय जुन्या दस्तात नक्कल करताना चूक झालीये. कोर्टाने १९५९ मध्ये निकाल बेल्जियमच्या बाजूने दिला. वहिवाट राहिली बाजूला, करारातला कागद खरा धरला.

अण्णा, तुमची सगळी मदार वहिवाटीवर आहे आणि जुना उतारा नानाकाकांकडे आहे, असं आईच मागे म्हणाल्या होत्या. म्हणून हात जोडून सांगते, हे पत्र वाचून झालं की कपाटात ठेवा. नानाकाका पेपर मागायला येतात, तेव्हा ते टीपॉयवर नको.

तुमची,
सौ. मेधा

ता. क. गोडा मसाला पाठवताना तिहेरी पिशवीत बांधा. मागच्या खेपेला ह्यांच्या सगळ्या शर्टांना फोडणीचा वास लागला होता.