अठ्ठ्याण्णवचा साप

आमच्या घरच्या सापशिडीत दोन वर्षं एकही साप चावला नव्हता. कन्येची सोंगटी अठ्ठ्याण्णवच्या आसपास आली की फासा नेमका सोफ्याखाली जायचा. मी पालथा पडून हात घालायचो आणि सोयीचं दान तिथूनच जाहीर करायचो. खाली पार्किंगमध्ये पकडापकडीत मुलं तिला लिंबूटिंबू घेतात, म्हणजे पकडली गेली तरी तिच्यावर राज्य नाही. ही सवलत जन्मभर का मिळू नये, असं मला मनापासून वाटायचं. तिचं तोंड वाकडं झालं की माझ्या पोटात गोळा येतो.

मे महिन्यात आई मिरजेहून आली. तिने फासा वाटीत खुळखुळवून थेट परातीत टाकायची पद्धत पाडली. सोफ्याचा संबंधच संपला. पहिल्याच डावात अठ्ठ्याण्णवचा साप चावला आणि पोरीने भोकाड पसरलं. मी कुल्फी आणायला फ्रिजकडे धावलो.

"बस खाली," आई म्हणाली. मला. "रडतेय ती. तुला काय होतंय?"

तिने पदराने नातीचं नाक पुसलं, सोंगटी मात्र ठेवली अठ्ठावीसवरच.

रात्री मी अभ्यास केला. आपल्या जुन्या मोक्षपटात साप म्हणजे दुर्गुण, शिड्या म्हणजे सद्गुण; आणि शिड्या कमी, साप जास्त. खेळ विलायतेला गेल्यावर तिथे दोन्हींची संख्या सारखी झाली. साहेबाने निदान निम्मे तरी ठेवले, मी सगळेच गारुड्याला देऊन टाकले होते. विनिकॉट नावाचे इंग्रज बालरोगतज्ज्ञ तर १९५३ मध्येच लिहून गेलेत की मुलाला परिपूर्ण आई लागत नाही, बऱ्यापैकी आई पुरते. ती मुलाला झेपेल तेवढी हळूहळू कमी पडत जाते आणि त्यातूनच मूल जगाशी जुळवून घ्यायला शिकतं. सकाळी हे मी आईला उत्साहाने वाचून दाखवलं.

"म्हणजे मी बऱ्यापैकीच का?" एवढंच विचारून ती दोन दिवस माझ्याशी तुटक बोलली.

पोरीचं रडणं मात्र रोज आखूड होत गेलं. आठवड्याने उरला एक हुंदका, तोही वाटीसाठी हात पुढे करतानाच. रविवारी तिने मला डावाला बसवलं. अठ्ठ्याण्णववर मलाच साप चावला.

"फासा परातीच्या काठाला लागला गं," मी म्हणालो. "परत टाकू?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "आजी, बाबा लिंबूटिंबू आहे का गं?"

आतून शेंगा सोलता सोलता आवाज आला, "लहानपणापासून."