माईंचा भाडेकरू आणि आमचा टर्मिन

साडेआठला पाणी गेलं की माई कढीपत्त्याच्या बाजूने भिंतीशी येतात आणि दोघींचा चहा निवतो. आज आल्या त्या तणतणतच.

"अगं, भाडेकरू ठेवला की गुन्हा केला? वरच्या खोलीत टांझानियाचा मुलगा आलाय ना काल रात्री, तर म्हणे मी ऑनलाइन फॉर्म भरून कळवायचं. पूर्वी फॉर्म सी म्हणायचे तो. त्याचा पासपोर्ट, त्याचा व्हिसा, त्याचा फोटो आणि चढवत बसू मी! नातवाने मागच्या आठवड्यात लॉगिन काढून दिलंय, पण मेला कंटाळा येतो."

"कळवावंच लागतं माई. परदेशी माणूस हॉटेलात उतरो की घरात. शिवाय तो स्टुडंट व्हिसावर आलाय, त्यालाही चौदा दिवसांत नोंदणी करायचीय."

"म्हणजे संशयच की!"

मला हसू आलं. गेल्या उन्हाळ्यात जर्मनीत धाकट्याच्या स्वयंपाकघरात मी हेच म्हणाले होते. तिथेही घर बदललं की दोन आठवड्यांत नगरपालिकेत नाव नोंदवायचं, सोबत घरमालकाचं सहीचं पत्र. ते जर्मन माणसालाही चुकलेलं नाही. पण परक्याला वर आणखी एक कचेरी असते, आउसलेंडरबेहोर्डे. आणि तिथे जायचं तर टर्मिन लागतो.

"हे काय प्रकरण?"

"भेटीची वेळ हो. तिकडची आपली पोरं एकमेकांना जेवलास का नाही विचारत, टर्मिन मिळाला का विचारतात. मध्यरात्री नव्या तारखा उघडतात असं कुणीतरी सांगितलं, तर आमचा पंधरा रात्री बाराच्या ठोक्याला लॅपटॉपसमोर. परमिट संपायला नऊ दिवस उरले होते."

"मिळाला?"

"मिळाला. पण ते ध्यान बघायला हवं होतंत. ऑफिसात पन्नास माणसांपुढे घडाघडा बोलणारा मुलगा, त्या दिवशी शर्टाला दोनदा इस्त्री, फाइल छातीशी, निघताना पाण्याची बाटली. दहावीच्या पेपरला निघाल्यासारखा. मी म्हटलं दही घालू का हातावर? तर म्हणाला, घाल."

माईंनी कप कठड्यावर ठेवला.

"आत गेला, दहा मिनिटांत बाहेर. पगाराच्या स्लिपा होत्या, करार होता, भाड्याचा कागद होता, विम्याचं एक पत्र तेवढं राहिलं होतं. बाई उद्धट नव्हती हो. आवाजही चढवला नाही. जर्मनमध्ये एकदा सांगितलं, मग तेच हळू सांगितलं. कार्ड काही दिलं नाही, एक घडीचा कागद दिला. त्याचं नाव ऐका, फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. म्हणजे जुनं परमिट अजून चालू आहे असं समजावं. मुदतीच्या आत अर्ज गेला होता म्हणून तेवढं तरी पदरात पडलं."

"म्हणजे मनातले मांडे."

"मांडेच. पण शिक्का मारलेले."

त्या कागदावर पोराने पाच महिने काढले. माझ्या मते तिथल्या थंडीपेक्षा हे वाट बघणंच माणसाला वाकवतं. घर बदलू का, भारतात येऊन जाऊ का, कशालाही उत्तर एकच, कार्ड येऊ दे.

"आणि तुम्हाला नेलं ते?" माईंनी विचारलं.

"आमचा व्हिसा एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवस, त्याची फी माणशी नव्वद युरो, वर तीस हजार युरोंचा विमा. आणि त्याआधी पोराने त्याच कचेरीत लिहून दिलं की आईवडिलांचा सगळा खर्च मी करीन."

"पोटच्या पोराने? सरकारला?"

"हो. आणि ते लिहून देण्याचे एकोणतीस युरो."

माई जरा विचारात पडल्या. मग कोपऱ्यावरच्या बंगल्याकडे बघून आवाज उतरवून म्हणाल्या, "वाईट नाही गं. इकडेही घ्यायला हवं काहींकडून."

त्या बंगल्याचा विषय निघाला तर दुपार होईल, म्हणून मी नावांचा घोळ सांगितला. आपल्या पासपोर्टवर मुलाच्या नावापुढे बापाचं नाव असतं, तिकडे ते मुलाचंच दुसरं नाव धरतात. कार्डावर तसंच छापलंय. हे खूश, म्हणतात, फीत न कापता माझं नाव जर्मनीत लागलं. पण खरी गंमत पुढेच. तिथे फ्लॅटला नंबरच नसतो. टपालपेटीवर आडनाव असेल तर पत्र येणार, नाहीतर परत. धाकट्याच्या पेटीवर महिनाभर आधीच्या भाडेकरूचं आडनाव होतं आणि तेवढ्यात कचेरीचं एक पत्र आल्या पावली परत गेलं. मग मीच वहीचा कागद फाडून चिकटपट्टीने नाव लावलं. मराठीतही लिहिलं खाली, कुणी विचारलं नाही.

"आणि रविवारी म्हणे आवाज करायचा नाही?"

"मी लोणच्याची बरणी काचेच्या पिंपात टाकायला गेले, रविवार विसरून. खालच्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून असे हात हलवायला लागल्या की मला वाटलं आग लागली. दुसऱ्या दिवशी स्वतः वर आल्या, कुठला डबा कशाचा ते रंग दाखवून समजावलं आणि जाताना केक ठेवून गेल्या."

माईंना केकमध्ये रस नव्हता. त्यांचा खरा प्रश्न आता आला. "तो तिकडचाच होणार म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"असंच कानावर आलं."

नियम मला पाठ आहेत. २०२४ मध्ये तिकडे नागरिकत्वासाठीची आठ वर्षं पाचवर आणली. जुना पासपोर्ट सोडा असंही ते आता म्हणत नाहीत. पण आपलं सरकार दोन पासपोर्ट ठेवू देत नाही. निळं पुस्तक परत करायचं आणि ओसीआय कार्ड घ्यायचं. मग यायला व्हिसा नको, पण मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. हे सगळं मी माईंना सांगितलं. त्याचं काय ठरलंय ते मी त्याला विचारलेलं नाही आणि तोही बोललेला नाही, हेही सांगितलं.

इतक्यात वरच्या गॅलरीत तो मुलगा आला. हातात कचऱ्याची पिशवी. "गुड मॉर्निंग आंटी," म्हणाला आणि पिशवी उचलून नुसताच बघत राहिला. माईंनी जिन्याखालच्या दोन बादल्यांकडे बोट केलं, मग एवढ्या लांबून कळायचं नाही म्हणून पदर खोचून स्वतःच निघाल्या. केळ्याची सालं एकीत, बिस्किटांचे कागद दुसरीत. पोरगा मान डोलवत होता.

परत येताना म्हणाल्या, "काय गं, त्या फॉर्मला मुदत किती असते?"

"आल्यापासून चोवीस तास. काल रात्री नऊला आला ना? मग आज रात्री नऊच्या आत भरा."